रक्त एवढंच सांगतं

९ जून

खारू,

तुझा हिरवा कोट माझ्या कपाटात राहिलाय. कपाट आवरायला घेतलं तेव्हा मागच्या दांडीवर सापडला. न्यायचा असेल तर कळव, नाहीतर मी कोणाला तरी देऊन टाकते. दीड वर्ष आमच्याकडे राहिलीस, माझ्याच डब्यातलं अर्धं खाल्लंस, जाताना माझा नवरा नेलास आणि कोट तेवढा विसरलीस. थंडीत काय घातलंस?

पत्र तुझ्या तलावावर पाठवतेय. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर कोणी उघडलं असतं सांगता येत नाही. पोहायला शिकवणाऱ्यांचं टपाल तिकीट-खिडकीत ठेवतात, हे तूच मला सांगितलं होतंस, नोकरी लागली त्या दिवशी. तेव्हा आपण किती हसलो होतो. तू म्हणालीस, "ताई, मला पत्र कोण पाठवणार?" घे, आलं.

फोन केला असता, पण फोनवर मी एक तर रडेन नाहीतर ओरडेन. कागदावर दोन्ही जमत नाही, म्हणून कागद बरा.

रविवारी मावशीचा फोन आला होता. तुझी आई कशी बोलते तुला माहीत आहे.

"तुला सांगू की नको, सांगू की नको, असं चाललंय माझं आठवडाभर."

"मग नको सांगूस," मी म्हटलं.

"अगं, पण तुला दुसऱ्याकडून कळलं तर?"

मला सांगायला दुसरं आहे कोण? मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती एका दमात म्हणाली, "खारूला पाचवा लागलाय."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

शेवटी तिने तिच्या गुडघ्याचा विषय काढला, आणि गुडघ्याबद्दल आम्ही इतकं बोललो, इतकं बोललो, की फोन ठेवताना मला वाटलं, हिला आता गुडघ्याचा डॉक्टरच शोधून द्यावा.

तुला अभिनंदन लिहायला घेतलं होतं. 'अभि'पर्यंत पोचले आणि खोडलं. वर दिसेल तुला.

कोटाचं कळव.

– ताई

(सही करताना हात थांबला होता. पण दुसरं काय लिहिणार?)


१७ जून

खारू,

उत्तर नाही. कोट हे निमित्त होतं, हे तुला कळलं असणार. लहानपणीसुद्धा मी मूळ गोष्टीच्या आधी चार फेऱ्या मारायचे आणि तू म्हणायचीस, "ताई, आता मुद्द्याचं."

तर मुद्द्याचं विचारते. गेल्या थंडीत किंवा नंतर कधी, तुझ्या तळहातांवर, तळपायांवर काही उठलं होतं का? तांबूस, तपकिरी ठिपके. खाजत नाहीत, दुखत नाहीत, नुसते असतात. तू दिवसभर पाण्यात, तुला वाटलं असेल तलावातल्या औषधाचं आहे. म्हणून विचारते.

मला उठले होते. तो गेल्यावर दोनेक महिन्यांनी. (बघ ना, लग्नात 'हे' होते, मग 'तो' झाला, आता मावशी फोनवर नुसतं 'तिकडचं' म्हणते.)

मला वाटलं, लॅबमधलं आहे. कवळीच्या हिरड्या करताना आम्ही ती गुलाबी पावडर आणि ते उग्र वासाचं लिक्विड कालवतो. त्याने हात फुटतात, सोलतात, हे आमच्याकडे नवीन नाही. मालकांनी माझा हात खिडकीपाशी नेऊन, चष्मा कपाळावर ढकलून पाहिला. म्हणाले, "लिक्विडचं आहे हे. मला जन्मभर आहे. हातमोजे दुहेरी घाल, आणि या कारणाने पगारवाढ मागू नकोस."

मी दुहेरी घातले. ठिपके हलले नाहीत. तेव्हा कातडीच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. हात पाहिला, काम काय करता विचारलं, मान हलवली. मला वाटलं, मलम देऊन सोडतील. तर म्हणाल्या, "बूट काढा. तळपाय दाखवा."

"तळपाय कशाला?"

"दाखवा तर खरं."

तिथेही होते, खारू. तसेच. मला पत्ताच नव्हता. एकटं राहायला लागल्यावर आपले तळपाय आपल्याला कोण सांगणार?

त्या म्हणाल्या, "ते लिक्विड पायाने कालवता का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. लग्न झालंय का, म्हणाल्या. मी म्हटलं, होतं. "कधीपर्यंत?" मी सांगितलं. मग त्यांनी चिठ्ठी ओढली आणि लिहिता लिहिता, बाजाराची यादी सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "रक्ताची तपासणी देते. शरीरसंबंधातून जे आजार होतात, त्यांची."

मी म्हटलं, "मी तसली बाई नाही."

"ही तपासणी बाईची नसते," त्या म्हणाल्या, "रक्ताची असते."

चिठ्ठी पर्समध्ये कोंबून बाहेर पडले. इतकी चिडले होते, इतकी, की बसचा थांबा मागे गेला तरी चालतच राहिले. एका माणसाशी संसार केलेली बाई मी. मला या वयात हे कोणी लिहून द्यावं?

आणि गंमत म्हणजे ठिपके आपोआप गेले. काही आठवड्यांत हात पुन्हा पहिल्यासारखे. मला वाटलं, मी जिंकले. कोणाला हरवलं कोण जाणे. पर्स बदलली तेव्हा ती चिठ्ठीही फेकून दिली.

तुला उठले होते का, एवढंच कळव. हो किंवा नाही. बाकी काही लिहू नकोस, लिहायचं नसेल तर.

– ताई


२४ जून

खारू,

मी जाऊन आले.

कशाला पुढे ढकलत होते, ते सांगते. आजार नाहीच, असं मला ठाऊक असेल तर जायचं कशाला? आणि आहे असं निघालं तर सांगायचं कोणाला? या दोन प्रश्नांच्या मधे मी बसून राहिले होते, आणि खरं म्हणजे तिथे काही फार गैरसोय नव्हती. सकाळी उठायचं, सूप गरम करून डब्यात भरायचं, लॅबमध्ये परक्या माणसांचे जबडे पुढ्यात घेऊन बसायचं. मेणात एकेक दात लावायचा, वरचे खालचे मिटून बघायचे. त्या माणसांना मी कधी पाहत नाही आणि ती मला. पण ती काय चावतील, कशी हसतील, ते माझ्या हातात असतं. संध्याकाळी घरी. कोणी विचारत नाही, म्हणून कोणाला सांगावं लागत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं असतं.

पण मावशीने 'पाचवा' म्हटलं, आणि त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून तळपाय जाईनात. माझे नाही. तुझ्या पोटातल्याचे.

दवाखान्याच्या बाकावर एक जोडपं होतं, एकमेकांना कोपराने ढोसून हसत होतं. त्यांच्या शेजारी मांडीवर हेल्मेट घेतलेला माणूस, तो हेल्मेटच्या आत बघत बसला होता. मी भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र बघत बसले. त्यातली अक्कलदाढ चुकीच्या जागी काढली होती.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. "हात?" म्हणाल्या. मी दोन्ही हात दाखवले, स्वच्छ. "जातात ते," त्या म्हणाल्या. "ठिपके जातात. आजार जातो असं नाही." मग कागद पुढे ओढला.

"कोणाकोणाशी संबंध?"

"नवरा. एकच."

"आणि नवऱ्याचे?"

मी हे आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं, खारू. मावशीसमोरही नाही. मालकांना मी सांगितलंय की त्याची बदली झाली.

"माझी बहीण," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. "सख्खी?"

"मावस. पण माझ्याजवळच वाढली."

"कशी आहे ती?"

"गरोदर आहे."

त्यांनी पेन खालीच ठेवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. "मग तुम्ही आलाय ते स्वतःसाठी, की तिच्यासाठी?"

"मला माहीत नाही."

"चालेल," त्या म्हणाल्या. "हात द्या."

रक्त घेताना मी विचारलं, फार उशीर केला का. त्या म्हणाल्या, "संबंध आला आणि दुसऱ्या दिवशी धावत आलात, तर रक्तात काही दिसत नाही. काही आठवडे जावे लागतात. पण पुरळ आलं होतं तेव्हा नक्की दिसलं असतं, म्हणून तर म्हटलं होतं." मग जरा मवाळ आवाजात, "आता असेल तर आताही दिसेल. घाबरून उपयोग नाही, आणि लपून तर अजिबात नाही."

कापूस दाबून धरून मी बाहेर आले. ते जोडपं आत गेलं होतं. हेल्मेटवाला उठून निघून गेला होता, त्याचा नंबर पुकारत होते.

चार दिवसांनी कळेल.

– ताई


१ जुलै

खारू,

आहे.

नाव सिफिलिस. मावशीच्या पिढीच्या बायका 'गरमी' म्हणायच्या, तेही तोंडाला पदर लावून. मी लहान असताना ऐकलं होतं आणि मला वाटलं होतं उन्हाळ्याचं काहीतरी असावं.

आता हे नीट वाच. मला राग असेल-नसेल, तो बाजूला ठेवून वाच.

याच्यावर औषध आहे. पेनिसिलिनचं इंजेक्शन. मला लगेच दिलं, दोन्ही कुल्ल्यांत. गरोदरपणातही देतात, आणि वेळेत दिलं तर बाळ वाचतं. नाही दिलं तर ते बाळापर्यंत पोचतं. मग काय काय होऊ शकतं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी इथे लिहीत नाही. तू नाव नोंदवलंस तेव्हा रक्त घेतलं असेल. त्यात ही तपासणी होती का, ते तोंडाने विचार. असेलच, असं धरून चालू नकोस. अंगावर काही दिसत नाही म्हणून नाही, असंही नाही. आता माझ्याही अंगावर काहीच नाही. बाकीच्याही तपासण्या केल्या माझ्या, एचआयव्ही, कावीळ. त्या ठीक निघाल्या. तूही सगळ्या करून घे. आणि त्यालाही जायला सांग.

झालं. आता रागाचं लिहिते.

मी त्यांना विचारलं, हे कोणाकडून आलं. त्या म्हणाल्या, "ते रक्त सांगत नाही. आहे की नाही, रक्त एवढंच सांगतं." मला वाटलं होतं, सांगेल. मला वाटलं होतं, कागदावर तुझं नाव छापून येईल. तुझ्याकडून त्याला, त्याच्याकडून मला. असं असतं तर किती सोपं झालं असतं. मी तो कागद घेऊन मावशीकडे गेले असते, टेबलावर ठेवला असता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गुडघ्याबद्दल बोलली नसती. बसमध्ये मी हे सगळं मनात करून पाहिलं, पुन्हा पुन्हा. माझा स्टॉप येईपर्यंत त्यात चव राहिली नव्हती.

मग वाटलं, त्याच्याकडूनच. मग आठवलं, तो जायच्या आधी त्याला एक फोड आला होता, नको त्या जागी. दुखत नाही, घट्ट कपड्यांचं आहे, म्हणाला होता. मी मलम आणून दिलं होतं. मीच.

मनात आलं होतं, कशाला लिहा? तुम्हा दोघांचं तुम्ही बघा. हे मनात एकदाच आलं असं सांगून मी चांगली होणार नाही. दिवसभर होतं. पण तुझ्या आईने तुला आमच्या घरी पहिल्यांदा आणून सोडलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तुझ्या दोन्ही गालांत शेंगदाणे भरलेले होते. तिथूनच तुझं नाव पडलं. त्या गालांवर मला सूड घेता येईना, एवढंच.

इंजेक्शन फार दुखतं हो. दोन दिवस मी स्टुलावर टेकले नाही, उभ्याने दात लावले. मालक म्हणाले, "मूळव्याध का गं?" मी हो म्हटलं. मूळव्याध सांगता येते. त्यांनी लगेच स्वतःची सांगितली, आणि घरून एक मधे भोक असलेली उशी आणून दिली. इतक्या महिन्यांत माझ्यासाठी कोणी काही आणलं ते हेच.

जा. उद्याच जा.

– ताई


९ जुलै

खारू,

हे मी तुझ्या तलावासमोरच्या बसथांब्यावर बसून लिहितेय.

तुझं उत्तर येईना म्हणून सुट्टी काढून, दोन बस बदलून आले. खिडकीतल्या बाईंना विचारलं, माझी पत्रं पोचली का. "पोचली की," म्हणाल्या. "इथेच उभ्याने वाचली. मग खिशात घालून घेऊन गेल्या." म्हणजे तुला सगळं माहीत आहे आणि तू गप्प आहेस.

"भेटायचंय का?" त्यांनी विचारलं. "आत जायचं तर तिकीट लागेल. आणि टोपी."

मी आत आले नाही. बाजूला ती मोठी काच आहे ना, आयांना बसायला बाक ठेवलेत तिथे, तिथून बघितलं. आतला आवाज बाहेर येत नाही. एक लहान मुलगी होती, लाल टोपीची, तिला तू पाठीवर तरंगायला शिकवत होतीस. तुझा एक हात तिच्या डोक्याखाली, एक कमरेखाली. तिचं पोट वर, तुझं पोट तिच्यामागे पाण्यात. ती घाबरून दुमडायची आणि बुडायची, तू पुन्हा उचलायचीस. तोंडाने काहीतरी म्हणत होतीस. मग तू खालचे हात काढून घेतलेस, आणि तिला कळलंच नाही. ती तरंगत राहिली, तू हात हवेत धरून उभी. माझ्या शेजारच्या बाईने टाळ्या वाजवल्या. तिचीच मुलगी असावी. मला म्हणाली, "तुमची कुठली?"

मी म्हटलं, "ती मोठी."

तिला वाटलं मी गंमत करतेय.

जरा बारीक झालीस तू. पोट सोडून. झोपत नाहीस का?

मला माफी नको, कारण नको, बाळाचं नाव काय ठेवणार तेही नको. तपासणी केलीस की नाही तेवढं कळव. नाही कळवलंस तर मी पुन्हा येईन, आणि या वेळी तिकीट काढून, टोपी घालून आत येईन. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे.

हे पत्र खिडकीत देऊन जाते.

– ताई


१८ जुलै

ताई,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं भांडायला लिहिलंयस. दुसरं वाचून काही कळलं नाही. हो किंवा नाही विचारलं होतंस, तर नाही. मला काही उठलं नव्हतं. चौथं वाचलं आणि मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले, वर्ग तसाच पाण्यात.

पहिल्या वेळच्या रक्तात ती तपासणी नव्हती. मी विचारलं तेव्हा तिथली नर्स म्हणाली, "असायला हवी होती, कशी राहिली कोण जाणे." मग केली. सगळ्या केल्या. रिपोर्ट यायला वेळ लागला, म्हणून तुला लिहिलं नाही. आधी काय लिहिणार होते?

नाही, ताई. मला नाहीये. आठव्या महिन्यात पुन्हा करायला सांगितलीय, पण आता नाहीये.

तुला खरं वाटणार नाही, तरी लिहिते. तुझ्या घरात असताना आमच्यात नुसतं बोलणं होतं. तेही चूकच होतं, मला माहीत आहे. पण बाकी काही नव्हतं.

रिपोर्ट हातात आला त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं. तो शर्टाला इस्त्री करत होता. मी म्हटलं, ताईला असं असं निघालंय. तू तपासून घे. तो म्हणाला, "माझं झालंय ते."

"काय झालंय?"

"तेव्हाच दाखवलं होतं. इंजेक्शन घेतलं. संपलं ते."

कामाच्या दौऱ्यावर असताना कोणाकडे तरी गेला होता. फोड आल्यावर दूरच्या एका डॉक्टरकडे गेला. त्यांनी सांगितलं, काही दिवस लांब राहा आणि घरी बायकोला सांगा. तो माझ्याकडे राहायला आला तेव्हा आधी वेगळा झोपायचा. म्हणायचा, आधी घर लागू दे. मला वाटायचं, किती जपतो मला.

मी विचारलं, "ताईला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं तर अजून सतरा प्रश्न निघाले असते. आणि गेलीच असेल की ती डॉक्टरकडे, काही झालं असतं तर." एवढं बोलून त्याने शर्टाची कॉलर उलटली आणि तिच्यावर इस्त्री फिरवली.

मला जपलं, ताई. तुला नाही. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं होतं की मी याबद्दल खूश व्हायला हवं.

मी काय करू?

– खारू


३ ऑगस्ट

खारू,

तुझं पत्र लॅबच्या दारातच फोडलं, एका हातात प्लास्टरचा जबडा होता तसाच. 'मला नाहीये' हे वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं की जबडा खाली ठेवावा लागला. हे तुला सांगायला हवं. कारण नंतर जे वाटलं, तेही सांगणार आहे.

नंतर वाटलं, म्हणजे मी एकटीच.

इतके दिवस मी धरून चालले होते की आपण तिघंही एकाच गोष्टीत आहोत. त्याने मला टाकलं, तू माझ्याशी बोलत नाहीस, पण निदान रक्तात तरी काहीतरी तिघांचं एक आहे. हसू नकोस. माणूस एकटं राहिलं की कशाकशाला धरून बसतं. तर तेही नव्हतं. तू स्वच्छ, तो केव्हाच बरा झालेला, आणि हे दुखणं घेऊन मी एकटी लॅबमधून घरी, घरातून लॅबमध्ये.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. तो गेला त्या सकाळी बॅग घेऊन दारात उभा होता. किल्ली टेबलावर ठेवली, निघाला, आणि पुन्हा वळून म्हणाला, "तुझी तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, "काही वाटलं तर दाखव हं डॉक्टरला."

त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले असतील, खारू! दुसरीकडे निघालेला माणूस दारातून वळून तब्येत विचारतो, म्हणजे कुठेतरी काळजी असणार. मी ते वाक्य जपून ठेवलं होतं. वाईट दिवस असला की काढायचे, ऐकायचे आणि परत ठेवून द्यायचे. आता कळलं तो काय विचारत होता.

तुझं पत्र वाचून मी रडले ती आजारासाठी नाही, त्याने लपवलं म्हणूनही नाही. ते वाक्य गेलं म्हणून रडले.

तू विचारतेस, मी काय करू. मला विचारू नकोस. माझ्या तोंडात उत्तर तयार आहे आणि ते तुझ्या भल्याचं आहे की माझ्या, हे मला वेगळं करता येत नाहीये. म्हणून देत नाही. मावशीलाही विचारू नकोस, ती गुडघ्यावर नेईल. तुझं तू ठरव, सावकाश ठरव. एवढं मात्र कर: आठव्या महिन्यातली तपासणी चुकवू नकोस. तो म्हणाला संपलं, म्हणून संपलं असं नाही. त्याच्या शब्दावर आपल्यापैकी कोणीच आता काही ठेवू नये. त्याला पुन्हा रक्त द्यायला लाव, आणि कागद तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही म्हणाला तर त्याला जवळ येऊ देऊ नकोस. सरळ नाही म्हण.

तू लिहिलंस, तुमच्यात नुसतं बोलणं होतं, ते खरं वाटणार नाही. खरं वाटतं. पण त्याने कमी दुखत नाही. माझ्याशी तो बोलतच नव्हता. मला वाटायचं, दमलाय.

मी तुला माफ केलेलं नाही. कधी करेन, करेन का, माहीत नाही. तुला बघितलं तर मला अजून आधी तो आठवतो. पण त्या काचेपाशी उभी होते तेव्हा थोडा वेळ तो आठवला नव्हता, हेही खरं आहे.

आज पुढच्या तपासणीची वेळ घ्यायला दवाखान्यात गेले होते. औषध लागू पडलं का, ते अजून काही वेळा रक्त बघून ठरवतात. खिडकीत नवी बाई होती. तिने नाव, वय विचारलं, आणि मग मान वर न करता म्हणाली, "जवळचं कोण? काही लागलं तर फोन कोणाला करायचा?"

मागे रांग होती. मी इकडेतिकडे बघितलं. मालकांचं सांगावं असं मनात आलं, पण त्यांना मूळव्याध माहीत आहे. मावशीचं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. मागचा माणूस खाकरला.

"आहे ना कोणी?" ती म्हणाली.

"बहीण," मी म्हटलं, आणि तुझा नंबर सांगितला. पाठच होता. तिने लिहून घेतला, परत वाचून दाखवला, बरोबर होता. म्हणाली, "त्यांना कळवून ठेवा, नाहीतर आमचा फोन गेला की लोक दचकतात."

म्हणून कळवते आहे.

– ताई